फडकं लावू नये

मी पाटी बोलतेय. दुकानावरची नाही आणि दारावरचीही नाही. पोलीस प्रमुखांच्या दालनात, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलेली काळी, माणसाएवढी उंच लाकडी पाटी. या खुर्चीत आजवर कोण कोण बसलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बसलं, ते माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मी जरा पेंगत पेंगत बोलते, तेवढं सांभाळून घ्या. जन्मभर भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं की डोळ्यांवर झापड यायचीच.

झाड होते तेव्हाचं फार आठवत नाही. पानांमधून हलणारा उजेड आठवतो, आणि अंगात सावकाश वर चढणारं पाणी. मग एकदम करवत, रंधा, आणि भुसा नाकात गेला म्हणून शिंकत बसलेला सुतार. पुढचं स्पष्ट आठवतं, कारण पुढे पेंटरकाका आले. तेव्हा ते काका नव्हते, पोरसवदाच होते. त्यांनी मला काळ्या रंगाचे तीन हात दिले, दोरीला खडू लावून रेघा पाडल्या आणि श्वास रोखून पहिलं नाव लिहिलं. ब्रश अंगावरून फिरताना अशी गुंगी आली की काय सांगू.

खुर्चीची पाठ माझ्याकडे, त्यामुळे साहेब लोकांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत, टाळकी दिसतात. मी त्यांना नंबरानंच ओळखते. तिसरे मीटिंग चालू असताना टेबलाखाली बूट काढून बसायचे. सातवे फोन ठेवला की फोनला शिव्या द्यायचे. नववे बिस्किटांचा पुडा खालच्या खणात लपवायचे आणि डॉक्टरांचा फोन आला की तोंडातला घास न चावताच बोलायचे. समोर भेटायला आलेली माणसं ताटकळत मला वाचायची. दुपारी खिडकीतून ऊन तिरकं आत येऊन माझ्यावर पडलं की ही सगळी नावं एकमेकांशी कुजबुजतात असं मला वाटे. कदाचित स्वप्नही असेल.

आता माझ्या पाठीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. पेंटरकाकांना त्यांच्या उस्तादांनी एक सवय लावली होती. रंग वरवर सुकायला चार तास लागतात आणि आतून सुकायला पुरता एक दिवस. तेवढ्यात कुणी झाडपूस करताना फडकं फिरवलं की अक्षर फरफटलंच म्हणून समजा. म्हणून काम झालं की काका मला भिंतीवरून पुढे ओढायचे आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहायचे, काय लिहिलं, किती वाजता लिहिलं, कधीपर्यंत फडकं लावू नये. हे वाचणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे दालन झाडणाऱ्या मावशी. त्या रोज सकाळी आधी माझ्या पाठीत डोकावायच्या आणि मगच फडकं हातात घ्यायच्या. घरचं सगळं मलाच सांगायच्या. ऐकता ऐकता मी झोपून जायचे, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

अकराव्या नावाच्या वेळी मॅडम आल्या. अंबाडा घट्ट, आवाज हळू. कुणाला ओरडल्याचं मी ऐकलं नाही, पण त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं तरी समोरच्याची पाचावर धारण बसायची. त्यांच्या हाताखाली एक उपसाहेब होते, फार गोड बोलणारे. मॅडमना सरकारचं पदक जाहीर झालं तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. निदान तसं ते दिवसातून चारदा सांगत होते.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता उपसाहेबांनी स्वतः पेंटरकाकांना बोलावून आणलं आणि मॅडमच्या नावापुढे पिवळ्या रंगात पदक लिहायला सांगितलं. मॅडम फाइलीतून मान वर न करता म्हणाल्या, याची काही गरज नव्हती. काकांनी पदक लिहिलं, पाठीवर नोंद केली आणि ते खाली फाटकाशी चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसले.

चार वाजता मॅडमनी एका कागदावर सही केली. सरकारी दवाखान्यांतून महिनोन् महिने औषधं गायब होत होती, त्यांचा माग एका गोदामापर्यंत लागला होता. ते गोदाम मंत्र्यांच्या मेहुण्याचं होतं. सही होऊन पथक निघालं आणि खोकी सापडली. मग साडेपाचला उपसाहेब हातात पाकीट घेऊन आत आले. मॅडमना बडतर्फ केल्याचा हुकूम होता. त्यांनी तो दोनदा वाचला, टेबलावरचा आपल्या बाबांचा फोटो पिशवीत टाकला आणि त्या निघून गेल्या. जाताना दिवा बंद केला, रोज करत तसा.

त्यांची पावलं जिन्यात वाजत होती तोवर उपसाहेबांनी काकांना चहावरून परत बोलावलं. मॅडमच्या नावापुढे शेवटची तारीख लिही म्हणाले. काका म्हणाले, साहेब, शेजारचं पदक अजून ओलं आहे, उद्या लिहितो. उपसाहेब म्हणाले, "उद्या नाही. आत्ता." पावणेसहाला काकांनी तारीख लिहायला घेतली, आणि चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्यांची बाही पदकावर टेकली, ओला पिवळा रंग पांढऱ्या तारखेत फरफटत गेला. काकांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या पाठीवर त्यांनी तेही लिहिलं, घाईत डाग पडला, चूक माझी.

दुसऱ्या दिवसापासून बाहेर नुसता गदारोळ. सरकारनं जाहीर केलं, बडतर्फीचा हुकूम सकाळी दहा वाजताच दिला होता, बाईंनी तो मिळाल्याची सही करायला नकार दिला, आणि नोकरीत नसताना चार वाजता बेकायदा माणसं पाठवून एका सज्जन माणसाच्या गोदामात घुसवली. उपसाहेबांच्या वहीत तशी नोंदही निघाली, सकाळी दहा. मॅडमवर खटला भरायचा होता, त्याला सरकारची परवानगी लागते. ती एका दिवसात मिळाली. याच सरकारला आमच्या दालनातला पंखा बदलायची परवानगी द्यायला दोन वर्षं लागली होती. गुन्हा शाबित झाला तर सात वर्षं तुरुंग. वर, छापाच बेकायदा ठरला की ती खोकीही मेहुण्याला परत.

चौकात दोन मोर्चे समोरासमोर यायचे. एकांना बाई आत हव्या होत्या. दुसऱ्यांनी त्यांचा फोटो फलकांवर चढवला होता. गंमत म्हणजे हेच दुसरे, मागच्या वर्षी मॅडमनी त्यांच्या पुढाऱ्याला अडवलं तेव्हा याच खिडकीखाली त्यांच्या नावानं शंख करत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. चार वाजता ती बाई या खुर्चीत हक्कानं बसली होती की नव्हती, एवढं एकच कुणी विचारत नव्हतं. मला ठाऊक होतं, पण पाटीला कोण विचारतो?

उपसाहेब खुर्चीत बसले, बारावे. भेटायला येणाऱ्यांची नजर सारखी त्यांच्या डोक्यावरून माझ्यावरच्या अकराव्या नावाकडे जायची आणि बाराव्यांचे कान लाल व्हायचे. शेवटी त्यांनी काकांना ते नाव खरवडायला सांगितलं. काका हात मागे बांधून म्हणाले, साहेब, पाटीवर नाव चढवतात, उतरवत नाहीत. मग नवी चकचकीत स्टीलची पाटी आली, बाराव्यांच्या एकट्याच्या नावाची. मला अडगळीच्या खोलीत नेलं आणि कुणाला ते नाव दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

तिथले महिने मला धुक्यासारखे आठवतात. मोडक्या खुर्च्या, उंच झरोका, हवेत तरंगणारी धूळ. मी पुन्हा झाड झाल्याची स्वप्नं पडायची. आणि एका सकाळी मावशी आल्या. सवयीनं हातातलं फडकं थांबवून त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं. आता डोकावायचीही गरज नव्हती, चांगल्या उजेडात सगळी पाठ समोर होती. त्यांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि खालीच बसल्या. "सकाळी दहाला काढलेल्या बाईला दुपारी तीनला पदक कोण लिहून देतं गं?" त्यांनी मला विचारलं.

मावशी तडक मॅडमच्या घरी गेल्या. परत येऊन मला सांगत होत्या, तिसऱ्या मजल्यावरची लहानशी जागा, दारात वकिलांची पायताणं, आणि आतल्या खोलीत मॅडमचे म्हातारे बाबा वर्दीला इस्त्री करताहेत. लेक नोकरीला लागल्यापासून त्यांचा तो नेम होता, हुकूम आला म्हणून मोडला नव्हता. ते म्हणाले, सही बरोबर होती तर वर्दी तयार असलेली बरी. सांगताना मावशींनी त्याच फडक्यानं डोळे पुसले.

तिथून त्या मॅडमच्या वकिलांबरोबर पेंटरकाकांकडे गेल्या, तर काका हटून बसले. वकिलांनी त्यांना समजावलं, पेन्सिलीचं कुणीही मागाहून लिहिलं म्हणेल, त्यावर केस उभी राहणार नाही. पण डाग खोटा पाडता येत नाही. तारीख संध्याकाळी लिहिली हे तर बारावेही नाकारत नव्हते. पदक सकाळी दहाच्या आधीचं असतं तर संध्याकाळपर्यंत सुकलं असतं, बाहीला लागलंच नसतं. म्हणजे दाखवायचा तो डागच. काकांना नेमकं तेच नको होतं. चाळीस वर्षांत या गावातल्या एका पाटीवर आपला ठिपका इकडचा तिकडे नाही, आणि एकुलता एक डाग आता कोर्टात मांडायचा? मावशी त्यांच्या पायरीवर बसून राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, तुमचा डाग कोर्टात जायचा नाही म्हणून त्या बाईनं सात वर्षं आत जायचं का?

कोर्टाचा हुकूम आला आणि मला हातगाडीवरून तिथे नेलं. कितीतरी वर्षांनी आभाळ पाहिलं, ढग माझ्याबरोबरच चालले होते. कोर्टात मला दोन बाकांना टेकवून उभं केलं. सरकारी वकिलांनी नोंदी मागाहून लिहिल्याचं म्हटलंच. मग न्यायाधीशांनी काकांना विचारलं, हा डाग कशाचा?

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डाग माझा आहे, साहेब. ओल्या अक्षराशेजारी मी हात घातला. मला शोभलं नाही, पण मला थांबू दिलं नाही." कुणी थांबू दिलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी बोट उचललं. तिथे बारावे बसले होते. पदक कधी सांगितलं, का सांगितलं, यावर बाराव्यांना काही आठवेना. दहा वाजल्याचं मात्र त्यांना लख्ख आठवत होतं. कोर्टात कुणीतरी हसलं आणि न्यायाधीशांनीही त्याला दटावलं नाही.

मॅडम सुटल्या. निकाल ऐकून त्या माझ्यापाशी आल्या, पण स्वतःचं नाव त्यांनी पाहिलंच नाही. वाकून पाठीवरची पेन्सिल वाचली आणि हसल्या. बाबा इस्त्रीची वर्दी कागदात गुंडाळून घेऊन आले होते. मॅडमचं निवृत्तीचं वय मधल्या काळात उलटून गेलं होतं. त्या म्हणाल्या, "बाबा, उद्यापासून माझे साधे कपडे इस्त्री करा." बाबांनी मान हलवली, पण गुंडाळी काही हातातून सोडली नाही.

आता मी पुन्हा माझ्या भिंतीवर आहे. तेरावे नवे आहेत, त्यांनीच मला परत आणवलं. बाराव्यांना बडतर्फ केलं आहे, आणि खिडकीखाली पुन्हा तीच गर्दी, त्याच घोषणा, फक्त नाव बदललं आहे. बारावे आत हवेत, आजच हवेत. पत्रकार मॅडमच्या दारात गेले तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांचंही नीट तपासा, माझ्यासारखं नको. गर्दीला ते आवडलं नाही.

काल काका आले. दृष्टी अधू झाली आहे, तरी आले. तेरावे म्हणत होते, बाराव्यांचं नाव गाळलं तर चालेल. काकांनी बारावं नाव लिहिलंच, दोन्ही तारखांसकट. मग रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली उघडून माझ्या पिवळ्या डागासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत प्रथमच मला भीती वाटली. त्यांनी बोटानं डाग चाचपला आणि बूच परत लावलं. "राहू दे," म्हणाले, "आता सुकलाय."

माझं एकच मागणं आहे. मला कुणी चकचकीत करू नका, फुलं घालू नका. फक्त खिडकीखालच्या लोकांना कुणीतरी माझी पाठ वाचून दाखवा. मावशी आज सकाळी फडकं घेऊन आल्या, डोकावल्या आणि तशाच परत गेल्या. काकांच्या पेन्सिलीनं तिथे लिहिलं आहे: बारावं नाव, सकाळी अकरा. अजून ओलं आहे. फडकं लावू नये.