शुक्रवारचा खिसा

मी एक जुना कापडी तक्ता आहे, मित्रांनो. तिसरीच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेला, जाड निळ्या कापडाचा, सहा वारांच्या सहा खिशांचा. आमच्या बाईंनी मला घरच्या पडद्यातून बेतलं आणि शाळेसमोरच्या शिंपीकाकांनी शिवलं. पडद्याचा तक्ता झालो, म्हणजे माझी बढतीच झाली म्हणायची.

दर सोमवारी सकाळी बाई प्रत्येक खिशात त्या वाराच्या कामाची चिठ्ठी ठेवत. सोमवारी मोजायचं. मुलं दोरी घेऊन बाक, दार, व्हरांडा मोजत. एकदा तर झोपलेलं मांजरही मोजून आली. मंगळवारी कुंडीतल्या रोपाला किती पानं आली ते बघून वहीत चित्र काढायचं, बुधवारी कागदाच्या घड्या, गुरुवारी जोडीजोडीनं वाचन, आणि शनिवारी आठवडाभरात जे जमलं नाही ते पुन्हा करून बघायचं. बाई काही विसरल्या, तर मुलं बाईंचं नाही, माझं ऐकत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवार मात्र सांगण्याचा. त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट वर्गापुढे उभं राहून सांगायची. शिंपीकाकांची मुलगी याच वर्गात होती. कागदाच्या घड्या घालण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे, पण वर्गापुढे उभं राहायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. म्हणून दर शुक्रवारी तिचं पोट दुखे आणि ती घरी राही. हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी जरा थांबत. तिला टोचून मात्र कधी बोलल्या नाहीत.

एकदा माझे खिसे उसवले. बाईंनी ते सुटे करून धुतले आणि सगळं गाठोडं तिच्याच हाती शिंपीकाकांकडे पाठवलं. मला शिवून इतकी वर्षं झालेली, काकांना कुठलं आठवायला? त्यांनी लेकीला विचारलं, खिसे किती होते गं? तिनं सांगितलं, पाच. शुक्रवारचा खिसा तोवर घडी घालून तिच्या दप्तरात गेला होता. मी सगळं पाहत होतो, पण मला कोण विचारतो!

सोमवारी मुलं यायच्या आधी बाईंनी मला टांगलं आणि चिठ्ठ्या ठेवायला घेतल्या. त्यांचं बोट गुरुवारवरून थेट शनिवारवर आलं. काका काम अर्धवट देणारे नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाठोडं कोणाच्या हाती पाठवलं होतं, तेही त्यांना आठवलं. मग शुक्रवारची चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये टाकली आणि कोणापाशी अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवारी ती चक्क शाळेत आली. खिसा नाही म्हणजे सांगणं नाही, असं तिला वाटलं होतं. मुलं मात्र माझ्याकडे बघून गोंधळली. शिंपीकाकांनी खिसा हरवला, असं एकानं जाहीर करून टाकलं. दुसरा म्हणाला, काकांना वारच येत नसतील. सगळा वर्ग खो-खो हसला.

ती उभी राहिली.

"बाबांना हसू नका. त्यांनी नाही हरवला. मीच त्यांना पाच सांगितले. शुक्रवारचा माझ्या दप्तरात आहे."

आता बाई रागावणार, असं मलाही वाटलं. पण बाई खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं. बाबा तक्ता शिवत होते, तेव्हा तू तिथेच होतीस ना? मग कसा शिवला ते सांग आम्हाला."

आणि तिनं सांगितलं. सुई ओवताना बाबा एक डोळा कसा बारीक करतात, खिशाच्या कोपऱ्यावर दोनदा शिलाई का मारतात, जाड कापडात मशीन अडलं तेव्हा त्यांनी हातानं चाक फिरवून ते कसं पुढे काढलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. मघाशी हसलेला मुलगाच विचारत होता, की मध्येच दोरा तुटला तर काय करतात?

ऐकताना माझा ऊर भरून आला, मित्रांनो. बाईंसारख्या बाई मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

शुक्रवारचा खिसा पुन्हा माझ्या अंगावर आला, पण आता माझा रंग विटला आहे. मला धुवा, उसवलो तर शिवा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात कोणाच्या तोंडून शब्द फुटत नसेल, तर त्याला हसू नका, त्याच्याऐवजी बोलूनही टाकू नका. थोडं थांबा. आमच्या बाई तिच्यासाठी तीस शुक्रवार थांबल्या होत्या.