खोमारचं नाक

खोमार व्हरबेक जन्मभर लोकांना नावं ठेवत आला, पण पूर्वी त्यामागे निदान काही कारण असायचं. त्याच्या तळघरात ओकची पिंपं होती आणि पिंपांत आंबट लाम्बिक बिअर मुरत पडलेली असायची, कुठे एका वर्षाची, कुठे तीन वर्षांची. हा गडी ग्लास नाकाखाली धरायचा आणि कुठल्या पिंपात काय चाललंय ते सांगून मोकळा व्हायचा. त्याच्या अंदाजानं पिंपांची मिसळ व्हायची. मिसळ बाटल्यांत भरली की तिथे ती पुन्हा फसफसायची, आणि मग तिला गूझ म्हणायचं. त्या गूझसाठी ब्रसेल्सहून माणसं यायची, वरच्या कॅफेत बसून खोमारची बोलणी खायची आणि खुशीत घरी जायची.

दोन हिवाळ्यांमागे त्याला ताप आला. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. कॉफी नुसती कडू लागायला लागली, सूप नुसतं खारट आणि गूझ नुसती आंबट. आज येईल, उद्या येईल करत त्यानं सहा महिने काढले. वास काही आला नाही. बायको इर्मा हयात असती तर पहिल्याच जेवणाला तिनं त्याला पकडलं असतं, कारण तो सशाच्या रश्श्यावरसुद्धा मोहरीची चटणी थापायला लागला होता. ती नाकाला झोंबायची तरी. पण इर्मा नव्हती आणि मुलगी लीव्हे दिवसभर तळघरात असायची. खोमारनं कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. सगळ्या खोऱ्यात ज्याच्या नाकाची चर्चा, त्यानं आपलं नाक गेलं म्हणून कसं सांगायचं?

मग त्यानं एक युक्ती काढली. वास गेला होता, पण हात, दात आणि जीभ शाबूत होती. ग्लास समोर आला की तो बोटांची पाठ काचेला लावायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. ही बिअर आहे की प्रेत धुवायचं पाणी? इतकी गार केलीत, आता हिला बिचारीला स्वेटर घाला. खाण्याचंही तेच. गूझबरोबर पांढरं मऊ चीज लावलेला पाव आणि मुळा खायचा, ही आमच्याकडची रीत. खोमार मुळा दाताखाली धरायचा, कुरकुर आवाज आला नाही की ताट परत. चीजचा वास त्याला येत नव्हता, पण ते सुरीला चिकटतं किती हे दिसत होतं, आणि तेवढ्यावर तो पाव तास बोलू शकायचा.

लोकांचं काय सांगावं! म्हातारा वयाबरोबर आणखी चोखंदळ झाला म्हणायला लागले. अँटवर्पच्या कुठल्याशा मासिकानं त्याच्यावर दोन पानं छापली की, तापमान हाच बिअरचा आत्मा आहे हे ओळखणारा हा एकच माणूस उरला आहे. खोमारनं ते वाचलं आणि त्या लिहिणाऱ्याची त्याला मनापासून कीव आली. ज्याला काही कळत नाही त्याला हे लोक डोक्यावर घेऊन नाचतात, हे आता त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तेव्हापासून गिऱ्हाइकांबद्दलचा त्याचा तिटकारा दुप्पट झाला.

लीव्हेचे मात्र हाल झाले. पोरगी एकतीस वर्षांची, लहानपणापासून पिंपांमध्ये वाढलेली. मिसळ आता आपण करावी आणि बाबांनी एकदा बरी म्हणावं, एवढीच तिची इच्छा. ती ग्लास भरून आणायची आणि खोमार प्रत्येक वेळी तो परत पाठवायचा. गार आहे. कोमट आहे. ग्लास ओला आहे. तुला नाक आहे की शोभेला लावलंय? नावं ठेवणं ही फार सुरक्षित गोष्ट आहे. चांगल्याला वाईट म्हटलं तर माणूस चोखंदळ ठरतो, वाईटाला चांगलं म्हटलं तर उघडा पडतो. हे गणित खोमारला पहिल्याच दिवशी समजलं होतं आणि दोन वर्षं तो त्यावर जगत होता.

त्या गुरुवारी जेवताना लीव्हेनं काटा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, लूव्हेनच्या बिअरच्या कारखान्यातून मला बोलावणं आलंय. सोमवारी कळवायचंय. शनिवारी मी या वर्षीची मिसळ करतेय. ती तुम्ही चाखा. एक चांगला शब्द तुमच्या तोंडून निघाला तर मी राहीन. नाहीतर जाते."

खोमार म्हणाला, जा की, स्टीलच्या टाक्या धुवायला तुझ्यासारखीच हवी. असं म्हणून त्यानं बटाट्यावर मोहरी थापली.  पण मुलगी गेली तर या घरात तो, पिंपं आणि ते मूर्ख गिऱ्हाईक, एवढंच उरणार होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यानं ठरवून टाकलं. मिसळ कशीही असो, वाईट असली तर असू दे, उद्या आपण तिला चांगली म्हणायचं.

शनिवारी दुपारी कॅफेत गेंटहून पाच जण आले. त्यांचा म्होरक्या वानेस नावाचा एक टकला तरुण होता. बिअर प्यायची कशी याचा कुठलासा अभ्यासक्रम तो पुरा करून आला होता आणि ते त्यानं बसायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं. त्याच्याजवळ पिस्तुलासारखं एक यंत्र होतं, ते ग्लासावर रोखलं की तापमानाचा आकडा दिसे. सोबत डबाभर चॉकलेटं, अंजिरं आणि निळ्या बुरशीचं चीज. कुठल्या घोटाबरोबर कुठला घास, याचं तो बाकीच्या चौघांना कीर्तन ऐकवायला लागला. चौघंही माना डोलावत होते, देवळात बसल्यासारखे.

खोमारला ऊत आला. त्यानं ते यंत्र उचलून वानेसच्याच टकलावर रोखलं आणि आकडा वाचून म्हणाला की डोकं कोमट आहे, आत काही शिजत नसणार. मग अंजिराचा समाचार घेतला. आमचे आजे मुळ्याबरोबर गूझ पीत मेले, त्यांना कोणी अंजिराचं सांगितलं नाही म्हणून मेले की काय? मग चॉकलेटाचा. वानेस खूश होऊन हसत होता आणि शेजारी बसलेल्या मुलीला कोपरानं ढोसत होता, बघ, मी म्हटलं नव्हतं? अपमान करून घ्यायला इतक्या लांब येणाऱ्या माणसांचा आणखी काय अपमान करणार? खोमारला सगळ्यांचाच वीट आला.

शेगडीजवळ पोल्ड बसला होता, खोमारचा शाळेपासूनचा सोबती, म्हातारा पिंपं दुरुस्त करणारा. तो एकटाच पत्ते मांडत होता आणि या सगळ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावर लीव्हेची पावलं वाजली. ती घाईघाईनं वर आली, एप्रन भिजलेला, हातात एकच ग्लास. तशीच बापापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे बघा जरा. लगेच सांगा, पंप लावून ठेवलाय."

 सगळे बघत होते, वानेससुद्धा. त्यानं ग्लासाला बोटं लावली. तळघराइतका गार, बरोबर. देवा, निदान तेवढं खोटं बोलावं लागणार नव्हतं. सवयीनं त्यानं ग्लास नाकाखाली धरला, डोळे मिटले आणि घोट घेतला. आंबट होती. फेस नव्हता, पण बाटलीत जायच्या आधी मिसळीला फेस नसतोच. त्यानं घोट तोंडात घोळवला, गिळला आणि डोळे उघडले.

"लीव्हे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चाळीस वर्षं मी हे काम करतोय. अशी माझ्या हातून एकदाही झाली नाही."

 खोमारच्या तोंडून कौतुक निघालेलं त्या भिंतींनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. लीव्हे मात्र हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती बापाकडे बघत राहिली, ओळखीच्या घरात शिरावं आणि आतलं सामान कोणीतरी हलवलेलं दिसावं तशी.

वानेस खुर्चीवरून अर्धा उठला आणि त्यानं हात पुढे केला. इतकी थोर गोष्ट आपल्यालाही चाखायला मिळावी, असं तो म्हणत होता. त्याची बोटं ग्लासाजवळ पोचणार एवढ्यात लीव्हेनं तो बापाच्या हातातून काढून घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रिकामा ग्लास पदरात लपवावा तसा एप्रनमध्ये धरून ती म्हणाली, "संपली. बाबा म्हणतात म्हणजे तशीच असणार." आणि भरभर जिना उतरून गेली.

खोमार खुर्चीत मागे टेकला. पोरगी रडली. एका शब्दासाठी दोन वर्षं किती तळमळली असेल बिचारी, असं त्याच्या मनात आलं. गेंटची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. वानेसनं तर आपण इतिहासाचे साक्षीदार आहोत वगैरे सुरू केलं.

पोल्डनं पत्ते खाली ठेवले. खुर्ची सरकवत तो खोमारच्या कानाशी आला.

"खोमार," तो पुटपुटला, "अरे, पोरगी सडलेलं प्यायली. मला शेगडीपाशी वास आला. खवट लोणी आणि उलटी. तुला आला नाही?"

खोमारनं त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पोल्डला देण्यासाठी एकही शिवी सापडली नाही. तो उठला आणि कठडा धरत तळघरात गेला.

लीव्हे नळाखाली चूळ भरत होती. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तिच्या मागे पंपाची नळी जमिनीवर पडली होती आणि उत्तरेच्या भिंतीलगतच्या मोठ्या पिंपाचं बूच काढलेलं होतं. मघाचा ग्लास मिसळीचा नव्हताच. तो या एकाच पिंपातला होता आणि हे पिंप मिसळीत घ्यावं की नाही, एवढंच विचारायला ती वर आली होती.

"कधीपासून?" तिनं पाठ न वळवता विचारलं.

"त्या तापानंतर."

तिनं नळ बंद केला. "म्हणजे दोन वर्षं. माझा एकेक ग्लास तुम्ही परत पाठवलात, तेव्हा तुम्हाला काहीच कळत नव्हतं."

"काही गार होते," खोमार म्हणाला. "ते खरं होतं."

ती वळली. तिच्या नजरेत जे होतं ते खोमारनं आजवर फक्त दुसऱ्यांकडे बघताना वापरलं होतं. ती ओरडली नाही. बूच काढताच आपल्याला कळलं होतं, एका हुंगण्यात, असं तिनं सांगितलं. पण नाक शोभेला लावलंय हे इतक्यांदा ऐकलेलं की स्वतःवर विश्वासच बसेना. म्हणून वर आले. तुम्हाला विचारायला.

"सांगायला काय झालं होतं, बाबा? मी तुमचं नाक झाले असते."

 खोमारनं कोपऱ्यातल्या छोट्या मातीच्या बुधल्याकडे बोट दाखवलं. तिची खरी मिसळ त्यात असणार हे आता त्याला समजलं होतं. "ती," तो चाचरत म्हणाला, "ती बरी झालीये का गं?"

असा प्रश्न त्यानं उभ्या आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. 

"चांगली झालीये," ती म्हणाली. "मला कळतंय."

"मग सोमवारी..."

"सोमवारी बाटल्या भरायच्यात. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. तुमच्या म्हणण्याचं आता काय करायचं? या घरात नाक एकच उरलंय, आणि ते लूव्हेनला गेलं तर हे सगळं तुम्ही त्या टकल्याला पाजाल." तिनं कोपऱ्यातली बादली उचलली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "हे पिंप आज रिकामं करायचंय. मागच्या गल्लीतल्या गटारात. गडी हात लावणार नाहीत, मलाही आता जमायचं नाही. तुम्ही ओता. तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही."

वरून वानेसची हाक आली, खोमारबाबा कुठे गेले म्हणून.  खोमारनं तोटी सोडली, बादली भरली आणि मागच्या दारानं गल्लीत नेऊन ओतली. मग दुसरी नेली, मग तिसरी. गुडघे दुखत होते. पिवळसर पाणी दगडांमधून शांतपणे उताराला लागत होतं. त्याला त्यात काहीही वावगं जाणवत नव्हतं.

पाचव्या बादलीला समोरची खिडकी धाडकन बंद झाली. मग तिच्या शेजारची. गल्लीच्या टोकाला बेकरीवाल्याची बायको नाकाला रुमाल लावून बाहेर आली, गटारात वाकून बघितलं आणि पोराला ओढत आत नेलं. एकेक करत खालपर्यंत सगळ्या घरांच्या खिडक्या लागत गेल्या. रिकामी बादली हातात धरून खोमार त्या खिडक्यांकडे बघत उभा राहिला, आणि आपण मघाशी कशाचं कौतुक केलं ते त्याला तेव्हा नीट कळलं.