आमच्यासारख्यांचं मूळ

फडक्यातून रस्सा गाळताना शांता पुन्हा पुन्हा घराकडे वळून बघत होती. घरामागच्या पडक्या गोठ्यात, तीन दगडांच्या चुलीवर तिने कोंबडी शिजवली होती. तीही लईराई देवीच्या जत्रेचं व्रत चालू असताना, नवरा सोवळ्यात असताना! अख्ख्या शिरगावात असलं धाडस कुणी केलं नसेल.

पण करणार काय? खाणीतले पंप सांभाळता सांभाळता जयरामची छाती धुळीने पोखरली होती, नाकाला वाससुद्धा कळेनासा झाला होता. चैत्रात त्याचा धाकटा भाऊ रघुनाथ मुरगावच्या धक्क्यावरून एक पुडी घेऊन आला. आत पिवळट, सुरकुतलेली मुळं. खनिज न्यायला आलेल्या बोटीवरच्या चिनी आचाऱ्याने दिलेली.

"वयनी, गिरेस्त पयशेकारांचें मूळ म्हारग आसता," रघुनाथ म्हणाला. "हें आमच्यासारक्यांचें. कोंबयेच्या सुपांत उकडून दी. बळ येता म्हणटा तो."

आणि आलं की! मुळामुळे की कोंबडीमुळे, देव जाणे. पण पंधरा दिवसांत जयराम विहिरीपर्यंत चालू लागला. मग त्याने हट्टच धरला.

"औंदा होमखणांतल्यान चलतां," तो म्हणाला. "मागीर मरूंक मेकळो."

चाळीस वर्षं तो देवीचा व्रतस्थ धोंड म्हणून त्या निखाऱ्यांवरून चालत आला होता. व्रत सुरू झालं, मांसमच्छी बंद झाली. शांता मुळं नुसत्या पाण्यात उकळून देऊ लागली. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या दगडावरच तो कोसळला. ही वारी चुकली तर माणूस तळमळत मरणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

"घेयात. मुळांचें उदक," तिने गाळलेल्या रश्शाचा पेला पुढे केला.

"आज बरें लागतां गो," तो म्हणाला. शांताने तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी हातात वेत घेऊन तो उंबऱ्याबाहेर पडला. ज्याचं व्रत शुद्ध त्याला देवी भाजत नाही, हे शांता लहानपणापासून ऐकत आली होती. बाकीच्यांचं काय होतं तेही. शब्द अगदी ओठांवर आले.

"कितें गो?"

"कांय ना. सांबाळून."

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथने त्याला आधार देत घरी आणलं. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. शांता खोबरेल घेऊन पायांशी बसली.

"चाळीस वर्सांत एक फोड येवंक ना," आढ्याकडे बघत जयराम म्हणाला. "देवी मांय उगीच कोणाक भाजना. माज्याच हातांतल्यान चुकलां."

"अवो, तें..."

"राव. माका उगडास आयलो. व्रताच्या पयल्या दिसा उदक थंड म्हणून हांवें तुका कितेंय उलयलें. तूं रडल्ली. धोंडान अशें उलोवंक जायना."

धापा टाकत तो उठून बसला आणि त्याने तिच्यापुढे हात जोडले.

"माफ कर गो माका."

आता सांगितलं तर त्याची शेवटची वारीच बाटणार होती. शांताने त्याचे जोडलेले हात सोडवून खाली ठेवले.

"पांय हालयनाकात," ती म्हणाली आणि दुसऱ्या तळव्याला तेल लावू लागली.