पंचावन्न मिनिटांचं औषध

"निघालं का?"

"नाही ताई," विमानतळावर थांबलेला दवाखान्याचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला. "तिकडं धुकं आहे. विमान बसलंय कोंबडीसारखं."

तिनं फोन ठेवला. दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे वीस किलोमीटर. उड्डाण पंचावन्न मिनिटांचं. रस्त्यानं आठ तास लागत. म्हणून कर्करोगाच्या तपासणीसाठी नसेतून द्यायचं किरणोत्सारी औषध सकाळच्या छोट्या विमानानंच यायचं. शिशाच्या डब्यातही ते दर दोन तासांनी जवळजवळ निम्मं होई. तंत्रज्ञ म्हणून प्रवासाचा वेळ हिशेबात धरूनच ती मागणी नोंदवायची. आज दोघांपुरतं मागवलं होतं. धुकं हिशेबात नव्हतं.

बाहेरच्या बाकावर दोघंही रात्रीपासून उपाशी होते. साखरेचा कण पोटात गेला तरी तपासणी वाया, असं तिनं दोघांना बजावलं होतं. एक क्रेन चालवणारा तरुण. उद्या त्याच्या पायाचं ऑपरेशन होतं. गुडघा वाचवता येईल की नाही, ते या तपासणीवर ठरणार होतं. दुसऱ्या तिच्या सासूबाई. दुखणं उलटल्याची शंका होती.

"पोटात कावळे ओरडतायत, मावशी."

"माझे तर ओरडून ओरडून झोपले. मला सवय आहे म्हणा. आमची सूनबाई चहात साखर घालते ती डोळ्यांत काजळ घातल्यासारखी."

विमान सुटलं ते दोन तास उशिरा. आईसोबत आलेल्या नवऱ्यानं तिला बाकाजवळच्या दारातच गाठलं.

"किती उरेल?"

"एकापुरतं."

"अर्धं अर्धं दे."

"दोघांचंही चित्र पुसट येईल. दोन्ही फुकट."

"मग आईला दे. यादीत ती पहिली आहे."

"त्याचं ऑपरेशन उद्या आहे. पुढचं औषध सोमवारी."

"आणि आईला उशीर चालतो? डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. आत जाऊन तिनं डॉक्टरांना फोन लावला. "थांबणं दोघांनाही बरं नाही," ते म्हणाले. "यादीप्रमाणे जा." यादी तिनंच केली होती, वयाप्रमाणे. गाडी फाटकातून आत आली, तरी तिचा हात फोनवरच होता. ड्रायव्हरनं डबा आणून टेबलावर ठेवला. तिनं मापकात उरलेलं औषध मोजलं. एकापुरतंच.

ती दाराशी आली. "आई, चला."

बाकावर तरुण एकटाच होता. सासूबाई कोपऱ्यातल्या चहाच्या यंत्रापाशी उभ्या होत्या, हातात कागदी कप. नवरा धावला.

"आई! अगं काय केलंस हे!"

"काय केलं? तलफ आली, प्यायले." त्यांनी ओठ पुसले. "म्हातारपणी जिभेचे चोचले, दुसरं काय."

"तुला सांगितलं होतं ना!"

"ओरडू नकोस. दवाखाना आहे." मग त्या सुनेकडे वळल्या. "बघत काय उभी राहिलीस? तुझं औषध थांबतं का कुणासाठी?"

तरुण अर्धवट उठला. "मावशींचा नंबर आधी होता ना?"

"होता. ऊठ आता."

त्याला औषध देऊन ती बाहेर आली तेव्हा सासूबाई बाकावर बसल्या होत्या. कप दोन्ही हातांत धरलेला. चहावर साय धरली होती. एखादाच घोट कमी झाला होता. ती शेजारी बसली.

"आता प्या की सगळा."

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "फार गोड आहे."