टाचण्यांची डबी होण्याआधी

मित्रांनो, मी डोळ्यांच्या लेन्स ठेवायची एक जुनी डबी आहे. दोन वाट्या आणि त्यांवर दोन झाकणे, डावे हिरवे आणि उजवे पांढरे, एवढाच माझा संसार. आम्हा डब्यांचे आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचे असते. मी मात्र तीन वर्षे जगले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

लेन्स ज्यात बुडवून ठेवतात त्या सोल्यूशनच्या बाटलीसोबत मी कालोफेर गावात नेवेनाच्या घरी आले. नेवेना लेस विणते. गोल उशीवर टाचण्या टोचायच्या आणि लाकडी फिरक्यांवरचे दोरे त्यांच्याभोवती गुंफत जायचे, असे ते काम. दिवसभर मान खाली असल्यामुळे चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर येई, म्हणून तिने लेन्स घेतल्या. सुरुवातीला माझे फार लाड झाले. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच ती मला उघडत असे. सकाळी जुने सोल्यूशन ओतून देई, ताज्या सोल्यूशनने मला चोळून विसळी आणि स्वच्छ कागदावर पालथी घाली.

पुढे लग्नसराईची कामे आली आणि तिचे माझ्यावरचे लक्ष उडाले. ओतून देण्याऐवजी कालच्या सोल्यूशनवरच ती चार थेंब टाकू लागली. वर्ष उलटले तरी नवी डबी आली नाही. माझ्या तळाला बुळबुळीत थर धरला. तो मला जाणवत होता, पण सांगणार कोणाला?

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी नेवेनाची सासू स्तोयांका नेहमीप्रमाणे संत पेत्काच्या झऱ्यावर गेली. नजर चांगली राहावी म्हणून त्या दिवशी सारे गाव तिथे डोळे धुते. येताना तिने बाटली भरून आणली. संध्याकाळी नेवेना लेन्स काढायला बसली, तर सोल्यूशन संपलेले. म्हातारीने आपली बाटली पुढे केली.

“आई, यात पाणी चालत नाही म्हणे,” नेवेना म्हणाली.

“पाणी कोण घालतंय? तीर्थ आहे ते. माझी आई ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायची, ती काय दुकानातल्या बाटलीच्या जोरावर?”

नेवेना हसली. तिला सासूचे मन मोडवेना, आणि नवी बाटली आणायला बाजारात जायचा कंटाळाही होताच. झऱ्याचे पाणी माझ्या दोन्ही वाट्यांत पडले. आठवडाभर तेच चालले.

मग तिचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसवेना, डोळ्यात कोणी काच फिरवावी तसे दुखू लागले. स्तोयांकाने मोठ्या मायेने तो डोळा त्याच पाण्याने धुतला. येईल बरा, येईल बरा म्हणत तीन आठवडे गेले. शेवटी प्लोवदिव शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला मागवून घेतले आणि माझा तळ खरवडून तपासला. पाण्यात डोळ्यांना न दिसणारा एक जीव असतो. तो माझ्या थरात सुखाने वाढला होता आणि लेन्सवर बसून नेवेनाच्या बुबुळात शिरला होता.

“झऱ्याचं असो की नळाचं,” बाई म्हणाल्या, “लेन्सला पाणी लागता कामा नये.”

“पण ते पाणी डोळ्यांसाठीच आहे ना?” स्तोयांकाने विचारले. बाई औषध लिहीत राहिल्या.

सुरुवातीला दर तासाला थेंब घालावे लागत. उपचार वर्षभर चालले. दुखणे गेले, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

मला फेकून द्यायला हवे होते. पण स्तोयांकाच्या हातून काही फेकले जात नाही. तिने मला उकळत्या पाण्यात घातले आणि माझ्यात लेसच्या टाचण्या भरल्या. यंदा ती झऱ्यावर गेली नाही.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा. मी उलटे सांगते. तुमच्या घरात कोणी लेन्स लावत असेल, तर माझ्यासारखीला रोज पुसून कोरडी ठेवा, पाण्यापासून दूर ठेवा आणि तीन महिने झाले की खुशाल फेकून द्या. आमच्यावर दया करू नका.

नेवेना अजून विणते. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून टाचणी घेताना तिचा हात माझ्या शेजारी, रिकाम्या टेबलावर पडतो. म्हातारी मला बोटभर तिच्या हाताकडे सरकवते.