पंख मागेच राहिलेले विमान

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. उत्तर जर्मनीतल्या एका हवाई तळावर, अगदी कडेच्या शेडमध्ये मी उभे आहे. माझी दोन्ही इंजिने काढून नेली आहेत. नाकावरचे झाकण उघडेच राहिले आहे आणि आतल्या तारा खाली लोंबत आहेत. अशा अवस्थेत कोणापुढे येऊ नये असे वाटते. पण आज मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म सुमारे चाळीस वर्षांपूर्वी म्युनिकजवळ झाला. तीन देशांनी मिळून मला घडवले. नाक आणि शेपूट ब्रिटनमधून आली, पंख इटलीतून आले आणि मधले धड जर्मनीत तयार झाले. माझे पंख मागेपुढे होतात, हे माझे वैशिष्ट्य. पंख पसरले की मी सावकाश उतरू शकते. मागे घेतले की बाणासारखे धावते. तरुणपणी मी झाडांच्या शेंड्यांवरून जात असे, तेव्हा खाली शेतातली माणसे ट्रॅक्टर थांबवून वर पाहत. प्रदर्शनाच्या दिवशी मुले कानांवर हात ठेवून हसत. त्या वेळी माझे कौतुक करायला सगळेच पुढे होते.

मग मी म्हातारे झाले आणि माझी जागा घ्यायला कोणीच आले नाही. माझे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने एकेक करून बंद पडले. अमेरिकेची नवी विमाने मागवली आहेत, पण ती अजून आमच्या तळावर पोहोचलेली नाहीत. युरोपातल्या देशांनी मिळून बनवायच्या विमानाबद्दल तर, त्यात कोणी किती काम करायचे यावरच वर्षानुवर्षे वाद ऐकते आहे. तोवर पूर्वेकडे युद्ध पेटले आणि आम्हा म्हाताऱ्यांना आराम नावाची गोष्टच उरली नाही. एक विमान बिघडले की दुसऱ्या, कायमच्या बंद केलेल्या विमानातून भाग काढायचा आणि त्याला बसवायचा, असे आमचे चालले होते.

हे काम सुकन्या करत असे. ती मूळची पुण्याची. जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरात शिकली, इथलीच नागरिक झाली आणि आमच्या तळावर इंजिनियर म्हणून आली. काम करताना ती माझ्याशी मराठीत बोलायची, त्यामुळेच मला तुमची भाषा येते. माझ्या मागच्या आसनावर बसून रडार आणि शस्त्रे सांभाळणारा अधिकारी होता ओजस. त्याचे वडील दक्षिण जर्मनीत झिंडेलफिंगेन गावी मोटारींच्या कारखान्यात होते. ओजस तिथेच लहानाचा मोठा झाला. मराठी त्याला सगळी कळे, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये. त्याची आई, सुधाकाकू, सुकन्यालाच फोन करायची.

"अगं, तो वेळेवर जेवतो का? मला नुसतं जर्मनमध्ये हो, हो करतो आणि फोन ठेवतो."

"जेवतो हो काकू. माझ्या डब्यातलंही जेवतो," सुकन्या सांगायची.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा पंख ढकलणारा लांब स्क्रू झिजला. नवा कुठेच मिळेना. सुकन्याने एका बंद विमानातला स्क्रू काढून बसवला आणि ती तळाच्या प्रमुखांकडे गेली. प्रमुख शेडमध्येच उभे होते.

"या विमानाला आता विश्रांती द्या," ती म्हणाली. "हा भाग फार जुना आहे."

"तपासलास ना? भेग दिसली?"

"नाही दिसली. पण दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं मला सांगता येत नाही."

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. "सुकन्या, उड्डाणाला तयार असलेलं दुसरं विमान आज सकाळी बिघडलं. याला थांबवलं तर समुद्रावरच्या गस्तीला मी कोणाला पाठवू? तूच सांग."

दुपारी मी उडाले.

पुढच्या आसनावर हेनिंग हा वैमानिक होता, मागे ओजस. उत्तर समुद्रावर हेनिंगने वेगासाठी माझे पंख मागे घेतले. परतताना ते पसरायचे होते. मी जीव एकवटून जोर लावला. उजवा स्क्रू आतल्या आत कण्हला आणि अडकला. माझे पंख एकमेकांशी जोडलेले असल्याने त्यासरशी दोन्ही मागेच राहिले.

मित्रांनो, पंख मागे असताना मला हळू होताच येत नाही. हळू झाले तर मी दगडासारखे पडते. म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने जमिनीवर यायचे, किंवा दोघांनी पॅराशूटने खालच्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी घ्यायची. लाटा इतक्या उंच होत्या की बचावाची बोट तिथवर पोहोचेल याची खात्री नव्हती.

"आपण उतरतोय," हेनिंग म्हणाला. "तुला उडी घ्यायची असेल तर आत्ता सांग."

"नाही," ओजस म्हणाला.

खाली रेडिओवर सुकन्या आली. ती जर्मनमध्ये शांतपणे एकेक सूचना देत होती. इंधन जाळून टाका. मागचा हुक खाली सोडा. धावपट्टीवर आडव्या पोलादी दोऱ्या आहेत, त्यातली एक तरी पकडायची. ओजस प्रत्येक सूचनेला "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", म्हणत होता. मग तो गप्प झाला.

"ओजस," ती एकदम मराठीत म्हणाली, "ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय, ताई," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकली. "आईला आत्ता काही सांगू नकोस. ती एकटी आहे घरी."

जमीन माझ्याकडे धावत आली. माझी शेपूट आधी आपटली, मग चाके फुटली. पहिली दोरी हुकली. मी ठिणग्या उडवत घसरत गेले आणि पट्टी संपता संपता दुसरी दोरी हुकात आली. असा हिसका बसला की माझ्या धडाची चौकट तडकली. ओजस स्वतःच्या पायांनी उतरला. हेनिंगला उचलून न्यावे लागले. त्याच्या पाठीचा मणका दुखावला होता. तो आता काठी घेऊन चालतो आणि पुन्हा कधी उडणार नाही.

मीही नाही. त्याचे मला दुःख नाही. माझे दुःख वेगळे आहे.

काही आठवड्यांनी सुकन्या शिडी घेऊन आली. शेजारच्या विमानाचा स्क्रू झिजला होता. नवा अजूनही कुठे मिळत नव्हता. माझा डावा स्क्रू, त्या अडकलेल्या उजव्याइतकाच जुना, तिने काढला. पुन्हा पुन्हा तपासला. भेग दिसली नाही. मी ओरडून सांगू पाहत होते, नको, हा नेऊ नकोस. पण मला कुठे आवाज आहे?

त्या विमानाच्या मागच्या आसनावर ओजस बसतो.

"तू नको जाऊस," सुकन्या त्याला म्हणाली. "मी विनंती करते. प्रमुखांना मी समजावीन."

"मग माझ्या जागी कोण बसेल?" त्याने जर्मनमध्ये विचारले. ती त्या विमानाच्या पंखाजवळ जाऊन तो स्क्रू आणखी एकदा तपासू लागली.

तो गेला. विमान शेडवरून गेले तेव्हा पत्रा हादरला. सुकन्या दारातून हलली नाही. संध्याकाळी पंख पसरून ते विमान नीट उतरले, तेव्हाच ती आत वळली.

मित्रांनो, जुन्या वस्तू चालतात तोवर चालू द्या, असे म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. त्या मुकाट्याने चालतात, म्हणून त्यांना काही होत नाही असे समजू नका. त्यांना वेळेवर जपा, आणि त्यांचे दिवस भरण्याआधी त्यांची जागा घेणारे कोणीतरी तयार करा. उशीर झाला की त्याचा भार आमच्यावर पडत नाही, आमच्या आत बसलेल्या माणसांवर पडतो. तुम्ही मोठे होऊन काहीही बनवा, पण कोणा सुकन्याला असा भाग हातात घेऊन उभे राहावे लागेल, अशी वेळ येऊ देऊ नका.

ओजस काल परत आला. आजही परत आला. उद्या सकाळी तो पुन्हा जाणार आहे.