कोरडी फरशी

दार उघडेपर्यंत तिने बेलवरचं बोट काढलं नाही. मागे जिन्यात मिस्त्री अवजारांची पिशवी खाली ठेवून दम खात उभा होता.

मास्तरांनी दार उघडलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना मास्तरच म्हणायची.

"परवाच तपासणी झाली ना?" ते म्हणाले.

"ती फोनवर. आज डोळ्यांनी होऊ दे."

ते काठी सावरत बाजूला झाले.

त्यांच्या बाथरूमखाली तिचं बाथरूम होतं आणि त्याला लागून मुलीची खोली. तीन महिन्यांपूर्वी त्या खोलीच्या छताला नाण्याएवढा डाग पडला. आता तो काळा होऊन पलंगाच्या वरपर्यंत पसरला होता आणि मुलीचा खोकला काही हटत नव्हता. डाग दिसला त्याच आठवड्यात तिने वर येऊन मास्तरांना सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. मग सोसायटीने गळती तपासणाऱ्या कंपनीकडे तपासणी मागितली. तपासनीस आला तो फोनच्या पडद्यावर. मास्तरांनी फोन बाथरूमभर फिरवला आणि दोन मिनिटांत अहवाल आला: फरशी कोरडी, दोष नाही. कोरडी असणारच, ती सगळ्यांना सांगत सुटली. पुसून ठेवल्यावर दगडसुद्धा कोरडा दिसतो.

मिस्त्री बाथरूमच्या दारातच थबकला. त्याने नाक आक्रसलं, गुडघ्यावर बसून मोरीची जाळी काढली आणि आत बॅटरी मारली. मग नळ फिरवला. थेंबही आला नाही.

"मास्तर, या जाळीखाली नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. इथलं पार आटलंय. कधीपासून बंद आहे हे?"

"झाले तीन महिने."

"तीन महिने?"

"या बोलून गेल्या ना, त्याच दिवशी वाल्व बंद केला. लेकीला खोकला झालाय म्हणाल्या होत्या."

"मग आंघोळ कुठे करता?"

"स्वयंपाकघरात, परातीत बसून." मास्तर कसनुसं हसले. "लहानपणी करायचोच की."

ती पुढे झाली. "हे त्या तपासनिसाला का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही. फरशी दाखवा म्हणाला, दाखवली."

"मग मला सांगायचं होतंत. मी काय खाणार होते तुम्हाला?"

"दोनदा आलो होतो खाली," मास्तर म्हणाले. "तुम्ही घरी नसाल तेव्हा."

ती दोन्ही वेळा घरी होती. दाराच्या भोकातून पांढरे केस दिसले, तशी ती चपलांचा आवाज न करता आत वळली होती.

मिस्त्रीने जाळी परत बसवली. "बाई, इथे तीन महिने पाणी नाही आणि तुमचं छत अजून ओलं. म्हणजे गळती यांची नाही. तुमच्या गीझरचा पाइप कुठून नेलाय?"

"छताखाली पीओपीचं दुसरं छत केलंय, त्याच्या वरून. दोन वर्षं झाली."

"मुलीच्या खोलीवरून?"

तिने मान डोलावली.

"तोच फुटला असणार. मी खाली जाऊन उघडतो."

त्याची पावलं जिन्यात उतरत गेली. ती तिथेच उभी राहिली. तो पडद्यावरचा तपासनीस, पाइप बसवून गेलेला माणूस, हे परातीत आंघोळ करणारे गृहस्थ, सगळ्यांवर एकदम ओरडावंसं तिला वाटत होतं.

मास्तर दाराशी काठीवर रेलले होते.

"मग आता पाणी सोडू का मी?" त्यांनी विचारलं.

तिने खाली वाकून वाल्व धरला. तो गच्च बसला होता. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो करकरला आणि उघड्या नळातून खोकत, थुंकत लालसर पाणी फरशीवर पडलं.

"मला काय विचारता त्यात," ती भांडल्याच्या आवाजात म्हणाली.

तिची साडी घोट्यापर्यंत भिजली. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी ती वळली नाही.